ठेवणींतले व्हॉल्व्ह

बटण दाबल्याबरोबर जें यंत्र बोलूं लागतें त्याच्याशीं माझें मैत्र कधीं जमलें नाहीं. घरांत तशीं यंत्रें पुष्कळ आहेत. मुलाच्या हातांतला फोन आहे, बैठकींतला दूरदर्शन संच आहे, भाजी चिरतांना गाणीं ऐकण्यासाठीं पत्नीनें आणलेला मुठीएवढा स्पीकर आहे. हीं सारीं हुकमाचीं ताबेदार. हाक पुरी होण्यापूर्वींच ओ देणारीं. परंतु माझ्या अभ्यासिकेच्या कोपऱ्यांत, इंग्रजी कोशांच्या शेजारीं, एक काळी लोखंडी पेटी आहे, आणि ती माणसासारखी थोडा वेळ घेऊन बोलते. बटण खालीं केलें कीं प्रथम कांहींच होत नाहीं. मग कांचेच्या नळ्यांच्या पोटांत एक अंधुक तांबूस ठिपका दिसतो, तो राखेखालच्या निखाऱ्यासारखा हळूहळू उजळतो, तापलेल्या धुळीचा ओळखीचा वास येतो, आणि अर्धेंएक मिनिट लोटल्यावर स्पीकरांतून घसा साफ केल्यासारखा आवाज होऊन पेटी बोलण्यास सिद्ध होते. ज्याला अर्धें मिनिट थांबतां येत नाहीं त्यानें तिच्या वाटेला जाऊं नये.

ही पेटी माझ्या धाकट्या काकांची. सोलापुरांत १८७७ सालीं जुनी गिरणी निघाली, आणि त्यानंतर कितीतरी वर्षें या गांवाचें घड्याळ गिरण्यांच्या भोंग्यांवर चाललें. काका दिवसां अशाच एका गिरणीच्या हिशेबखात्यांत कारकून होते आणि संध्याकाळचा भोंगा झाला कीं लाउडस्पीकरवाले. लग्नें, मुंजी, गणपतीचे कार्यक्रम, निवडणुकीच्या सभा, आणि मकरसंक्रांतीला सिद्धेश्वराचा गड्डा. जेथें चार माणसें जमलीं आणि पांचव्याचें ऐकूं येईना, तेथें काका हातगाडीवर ही पेटी, दोन कर्णे, तारेचें भेंडोळें आणि एक मायक्रोफोन घालून हजर होत. त्या धंद्यांत ॲम्प्लिफायरला ॲम्प्लिफायर म्हणत नसत, ‘मशीन’ म्हणत. ‘मशीन कुणाचं?’ ‘मशीन देशपांड्यांच्या वाड्यांतल्या क्लार्कचं.’ गिरणींत वीस वर्षें खर्डेघाशी करून जें नांव झालें नाहीं तें या मशिनीनें चार गड्ड्यांत केलें, असें काका अजून म्हणतात.

आज ध्वनिक्षेपकाला आपण कंटाळलों आहों, आणि तें साहजिक आहे. परंतु तो नव्हता तेव्हां मोठ्या सभेंत मागच्या माणसाला काय ऐकूं येत असेल याचा विचार केला म्हणजे त्या यंत्राविषयीं थोडा आदर वाटूं लागतो. काँग्रेसच्या अधिवेशनांत आणि गांधीजींच्या सभांत जे कर्णे दिसत त्यांवर ‘शिकागो रेडिओ’ असें नांव असे. नांव अमेरिकेचें, पेढी मात्र सिंधमधल्या मोटवाने कुटुंबाची. गांधीजींचा आवाज लहान. गर्जना करणें हा त्यांचा पिंडच नव्हे. तसल्या आवाजाला हजारों माणसांपर्यंत पोंचवण्याचें काम कांचेच्या या नळ्यांनीं केलें, आणि मोठ्या गळ्याचा तोच मोठा वक्ता ही कल्पना हळूहळू मागें पडली. अर्थात् लहान मनाच्या माणसालाही त्यांनीं मोठा आवाज दिला. पण तो दोष नळ्यांचा नव्हे.

व्हॉल्व्ह म्हणजे काय हें माझ्या विद्यार्थ्यांना मी कधींमधीं सांगतों. मी इंग्रजी वाङ्मयाचा अध्यापक. हा माझा विषय नव्हे, म्हणूनच सांगतांना अधिक मजा येते. विजेच्या दिव्याची कांच आंतून काळवंडते कां, याचा शोध घेतांना १८८० नंतरच्या वर्षांत एडिसनला असें दिसलें कीं, तापलेल्या तंतूपासून निर्वात पोकळींतून दुसऱ्या एका पट्टीकडे वीज वाहूं शकते. त्याचें पुढें काय करावें हें त्याला सुचलें नाहीं. १९०४ सालीं इंग्लंडांत फ्लेमिंगनें त्या गोष्टीला कामाला लावलें. वीज एका दिशेनेंच जाते, उलट येत नाहीं, म्हणून त्यानें तिला व्हॉल्व्ह म्हणजे झडप हें नांव दिलें. दोन वर्षांनीं अमेरिकेंत डी फॉरेस्टनें तापलेला कॅथोड आणि प्लेट यांच्यामध्यें तारेची एक लहानशी जाळी घातली, आणि साऱ्या शतकाचें बोलणें-ऐकणें बदललें.

ती जाळी काय करते हें समजावयाला शेतांत जावें. विहिरीचें पाणी पाटानें जोरांत येत असतें आणि दारें धरणारा माणूस फावड्यानें थोडी माती इकडची तिकडे करतो. माणसाची शक्ति ती किती! पण त्याच्या मनगटाच्या हालचालीप्रमाणें अख्खा पाट थांबतो, वळतो, वाहतो. मायक्रोफोनांतून आलेली वीज अशीच दुबळी असते. ती जाळीवर बसून दारें धरते, आणि तीन-चारशें व्होल्टांचा पाट तिच्या मनाप्रमाणें कमीजास्त वाहतो. गायकाचा श्वास सुद्धां त्या पाटांत उमटतो.

माझ्या पेटींत असे चार व्हॉल्व्ह आहेत. त्यांच्या नांवांनीं मला लहानपणीं फार मोह घातला होता. ईसीसी ८३, ईएल ३४, जीझेड ३४: वरवर पाहतां हीं पोस्टाच्या पार्सलावरचीं अक्षरें वाटतात. पण युरोपांतील कारखानदारांनीं त्यांना एक व्याकरण दिलें होतें, आणि तें पाणिनीला आवडलें असतें. पहिलें अक्षर हीटरचें: ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट, ‘जी’ म्हणजे ५. दुसरें गुणाचें: ‘सी’ म्हणजे तीन ध्रुवांचा, ‘सीसी’ म्हणजे एका कांचेंत तसे दोन, ‘एल’ म्हणजे पांच ध्रुवांचा जोरकस, ‘झेड’ म्हणजे उलटसुलट विजेला एका दिशेला लावणारा. पुढचा आंकडा बैठकीचा: ३ असेल तर आठ पायांची मोठी, ८ असेल तर नऊ पायांची लहान. सूत्र एकदां पाठ झालें कीं न पाहिलेल्या व्हॉल्व्हचा स्वभाव नांवावरून सांगतां येतो. अमेरिकनांनीं याच व्हॉल्व्हांना ६ सीए ७, १२ एएक्स ७ अशीं नांवें दिलीं. त्यांतही कांहीं पद्धत आहे, नाहीं असें नाहीं. परंतु समासाची गोडी तीत नाहीं.

हें व्याकरण मला ज्यांनीं शिकवलें ते एक मिस्त्री होते. मंगळवार बाजाराकडे त्यांचें दुकान होतें. घराणें विणकरांचें, घरची बोली तेलुगू, बाजाराची मराठी, आणि थोडी कानडी. १९६६ सालीं काकांसाठीं ही पेटी त्यांनींच बांधली; पत्रा कापण्यापासून ट्रान्सफॉर्मर गुंडाळण्यापर्यंत सगळें हातानें. व्हॉल्व्ह मात्र मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणले. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्यें १९६१ पासून व्हॉल्व्ह तयार होऊं लागले होते, पण काकांना विलायतेचेच हवे होते. धंद्यांतली ऐट ती. मिस्त्रींना आकृति वाचतां येई, इंग्रजी वाचतां येत नसे. मी शाळकरी पोर सुटींत तेथें जाऊन बसलों कीं ते व्हॉल्व्हांच्या माहितीचें जाडें पुस्तक माझ्यापुढें सरकवीत आणि म्हणत, “वाच की रे, काय लिहिलंय बघू.” मी अडखळत इंग्रजी वाक्य वाचीं, आणि त्याचा अर्थ तेच मला सांगत. पुढें विद्यापीठांत पुष्कळ थोर माणसांनीं मला इंग्रजी शिकवलें. वाक्य एका ठिकाणीं असतें आणि अर्थ दुसऱ्या ठिकाणीं असूं शकतो, हें मात्र त्या दुकानांत कळलें.

त्यांचे नियम थोडे होते आणि त्यांना अपवाद नव्हता. पेटीची तार भिंतींतून काढली तरी पेटी मेली असें समजूं नये. मोठ्या कंडेन्सरांत वीज साठून राहते, ती रेझिस्टन्स लावून उतरवावी आणि मीटरनें पाहिल्याशिवाय आंत हात घालूं नये. हात घालतांना एकच घालावा, दुसरा खिशांत ठेवावा, म्हणजे विजेला छातींतून जाण्याची वाट मिळत नाहीं. स्पीकर जोडल्याशिवाय पेटी चालवूं नये, नाहींतर आउटपुट ट्रान्सफॉर्मरला धक्का बसतो. वर्षभर बंद असलेली पेटी एकदम चालू करूं नये. मालेंत शंभर वॅटचा साधा दिवा जोडावा. दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, भगभगीत राहिला तर आंत कोठें तरी वीज एकमेकींना भिडली आहे. व्हॉल्व्ह काढतांना कांच धरून उपटूं नये. बुडाला धरून, दाढ हलवावी तसा हलवून काढावा. पायांवर चढलेला काळेपणा साफ करावा, कारण सोलापुरांत निम्म्या व्हॉल्व्हांना रोग नसतो, धूळ असते. हें शेवटचें वाक्य ते अभिमानानें उच्चारीत, जणूं धूळ ही सोलापूरची एक खास पैदास होती.

व्हॉल्व्हची प्रकृति डोळ्यांनीं कळते. कांचेच्या शेंड्याला किंवा कडेला आंतून एक चकचकीत रुपेरी डाग असतो. तो बेरियमचा, आंत चुकून राहिलेला वायू गिळून टाकणें हें त्याचें काम. तो डाग पांढरा दुधाळ झाला कीं समजावें, कांचेला चीर जाऊन हवा शिरली. त्या व्हॉल्व्हला आतां औषध नाहीं. कांचेच्या आंतल्या कडेवर निळसर प्रभा दिसली तर भिऊं नये, ती निरोगी असते. जांभळी गुलाबी झांक मधोमध पसरली तर ती वायूची खूण. लहान ईसीसी ८३ चालू असतांना पेन्सिलीनें हलकेंच टिचकी मारावी. स्पीकरांत घंटेसारखा आवाज आला तर त्याच्या आंतले भाग सैल झाले आहेत. मिस्त्री टिचकी मारीत आणि कान टवकारून ऐकत, तेव्हां ते मला यंत्र दुरुस्त करणाऱ्यापेक्षां मडकें वाजवून घेणाऱ्या गृहिणीसारखे दिसत.

आतां कोणी विचारील कीं, या पेटीचा आवाज नव्या यंत्रांहून खरोखर गोड असतो काय? या विषयावर अलीकडे भाविकांचा एक पंथच निघाला आहे. व्हॉल्व्हचा आवाज ‘उबदार’ असतो असें ते म्हणतात, आणि त्या शब्दाच्या आधारावर लाखांचे व्यवहार होतात. मला वाटतें तें असें. व्हॉल्व्ह मूळ ध्वनींत स्वतःच्या पदरचें थोडें मिसळतो, आणि कुवतीबाहेर ताणला तर एकदम फाटत नाहीं, हळूहळू वांकतो. कानाला तें सुसह्य होतें. १९४७ च्या अखेरीस अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टर जन्मला. त्यानें पुढें हें सारें काम कमी विजेंत, कमी उष्णतेंत आणि अधिक बिनचूक करून दाखवलें. प्रामाणिकपणाच हवा असेल तर नवें यंत्र घ्यावें. मे महिन्यांत बाहेर ४३ अंश उष्मा असतांना ज्याचा एकेक व्हॉल्व्ह नुसता हीटर तापवायला नऊ-साडेनऊ वॅट खातो असलें यंत्र लावून बसणें हें शहाणपणाचें लक्षण नव्हे. माझी पत्नी तर तें याहून स्पष्ट शब्दांत सांगते.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. हिराबाई बडोदेकरांची एक जुनी ध्वनिमुद्रिका लावली होती. काका पलीकडच्या खुर्चीवर होते. ते आतां ८४ वर्षांचे आहेत. डाव्या कानानें ऐकणें संपलें, उजव्याचें उतरत आहे, असें कानाच्या डॉक्टरांनीं आडपडदा न ठेवतां सांगितलें आहे. आवाज बिघडला हें त्यांना कळण्याजोगें नव्हतें, मला कळण्याआधीं त्यांनीं मात्र तें पाहिलें. “अरे, उजवा लाल झाला बघ!” खरोखरच उजव्या ईएल ३४ ची करडी प्लेट मध्यभागीं लोहाराच्या भट्टींतल्या पट्टीसारखी लालभडक झाली होती. हीटरची लाली निराळी आणि प्लेटची लाली निराळी. पहिली जीवनाची, दुसरी तापाची. मीं पेटी तत्काळ बंद केली.

अशा वेळीं पहिला मोह होतो तो नवा व्हॉल्व्ह बसवण्याचा. मिस्त्रींची शिकवण उलट होती: रोगी कोण, व्हॉल्व्ह कीं त्याची जागा, हें आधीं ठरवावें. पेटी निवल्यावर दोन्ही व्हॉल्व्हांची अदलाबदल केली आणि डोळे लावून बसलों. व्हॉल्व्हबरोबर लाली डावीकडे गेली असती तर दोष व्हॉल्व्हचा. पण ती उजवीकडेच राहिली. म्हणजे घर बाधलेलें होतें, राहणारा निर्दोष. व्हॉल्व्ह काढून उजव्या जाळीच्या जागीं मीटर लावला. तेथें उणे ३६ व्होल्ट असावयाचे, ते उणे १९ भरले. मागच्या टप्प्यावरून गाणें तेवढें पुढें सोडणारा आणि जड विजेला अडवणारा जो कंडेन्सर, तो मेण-कागदाचा, जवळजवळ साठ वर्षांचा. तो आंतून पाझरूं लागला होता. दारें धरणाऱ्याच्या हातांतलें फावडेंच कोणी ओढून धरावें तसें झालें होतें. पाट मोकळा सुटला आणि प्लेट तापली. ०.१ मायक्रोफॅरडचा नवा कंडेन्सर चहाच्या एका कपाच्या किंमतींत आला. त्याच्याऐवजीं नवा व्हॉल्व्ह बसवला असता तर तोही जळाला असता.

एवढ्यावर निभावलें असतें तर बरें होतें. परंतु दुरुस्तीनंतर दोन्ही व्हॉल्व्हांची वीज मोजली, तेव्हां एकांतून ३६ मिलिअँपियर जात होती आणि जो लाल झाला होता त्यांतून २१. ही जोडी बैलांसारखी चालते. एक थकला कीं गाडी वांकडी जाते, घरघर ऐकूं येते, आणि ट्रान्सफॉर्मरवर नाहक भार पडतो. तो व्हॉल्व्ह आधींच म्हातारा, त्यांत हा ताप. त्याच्या कॅथोडवरचा लेप संपत आला होता. व्हॉल्व्हचें आयुष्य म्हणजे त्या लेपाचें आयुष्य. तो तासातासानें खर्च होतो आणि परत चढवतां येत नाहीं.

काकांच्या ट्रंकेंत चार ईएल ३४ आहेत. विलायती, न वापरलेले, मूळच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत. खोक्यावर पेन्सिलीनें लिहिलेली किंमत दोन आंकड्यांत आहे. हे त्यांनीं ‘अडीअडचणीला’ म्हणून घेतले, आणि पुढें अडीअडचणी पुष्कळ आल्या तरी ते काढले नाहींत. दोन वर्षांपूर्वीं मुंबईच्या एका संग्राहकाला त्यांचा सुगावा लागला. त्यानें फोनवर चारांची जी रक्कम सांगितली ती ऐकून काकांनीं आपलें श्रवणयंत्र काढून नीट पुसलें आणि मला ती पुन्हा विचारावयाला लावली. तेव्हांपासून त्या चार नळ्यांकडे घरांत कोणी साध्या नजरेनें पाहत नाहीं. पुण्याच्या चुलतभावाचें म्हणणें, विकून टाका. त्या पैशांत काकांचें चांगलें श्रवणयंत्र येईल. हें म्हणणें सहज झटकून टाकण्यासारखें नव्हतें. पेटीसाठीं स्लोव्हाकिया, रशिया किंवा चीनमध्यें होणारे नवे व्हॉल्व्ह मिळतात, ते कांहीं वाईट नसतात, आणि त्यांची किंमत या रकमेच्या जवळपासही नाहीं.

आपल्या मध्यमवर्गीय घरांत ‘ठेवणींतलें’ नांवाचें एक दैवत आहे. ठेवणींतलें लुगडें, ठेवणींतली बशी, ठेवणींतलें लोणचें सुद्धां. माझ्या आजीचें जांभळें पैठणीसारखें एक लुगडें वर्षांतून एकदां उन्हांत पडे आणि पुन्हा ट्रंकेंत जाई. शेवटीं तें उलगडलें तेव्हां घडीघडीवर विरलेलें निघालें. व्हॉल्व्हचें तसें नाहीं. तो खोक्यांत पन्नास-साठ वर्षें बहुधा जसाच्या तसा राहतो; खर्च होतो तो चालवला तरच. म्हणून त्याच्या बाबतींत जपून ठेवणाऱ्याचा पक्ष लुगड्याहून बळकट आहे. पण नासणारी दुसरी वस्तु खोलींतच बसली होती: काकांचा उजवा कान. हें मीं त्यांना बोलून दाखवलें नाहीं. मीं एवढेंच विचारलें, “काका, तुम्ही सांगाल तसें करूं. विकायचे का?”

काका बराच वेळ खोकीं चाळवीत बसले. मग म्हणाले, “चांगलं श्रवणयंत्र घालून मी ऐकायचं काय? तुमचे फोन?” थोड्या वेळानें, “दोन काढ. दोन राहूं देत.”

मधला मार्ग काढण्याची कारकुनी संवय अशी शेवटपर्यंत सुटत नाहीं. परंतु तो निर्णय ऐकून मला बरें वाटलें हें खरें.

चारांतले कोणते दोन एकमेकांशीं जुळतात हें एकेक बसवून पाहण्यांत एक दुपार गेली. शेवटीं ३४ आणि ३५ भरणारी जोडी मिळाली. सात-आठ दिवस वीज मधूनमधून मोजली. ती स्थिर राहिली. पौष महिना होता. बाहेर गड्डा भरला होता आणि होम मैदानाच्या दिशेनें आधुनिक यंत्रांचा एकच कल्लोळ येत होता. मीं हिराबाईंची तीच मुद्रिका काढली, पण काकांनीं हातानें खूण करून थांबवलें. त्यांना गाणें नको होतें. त्यांनीं कपाटांतला जुना मायक्रोफोन मागितला, मीं तो पेटीला जोडला, स्पीकर त्यांच्या उजव्या कानाच्या बाजूला सरकवला. त्यांनीं श्रवणयंत्र काढून खिशांत ठेवलें, मायक्रोफोनवर दोनदां फुंकर मारली, आणि माझ्या लहानपणच्या त्या सपाट, न घाईच्या, सरकारी आवाजांत सुरुवात केली:

“इकडे लक्ष द्या. एक लहान मुलगा सांपडला आहे. वय चार-पांच वर्षें. अंगांत निळा सदरा, हातांत पिपाणी आहे. नांव सांगत नाहीं. ज्यांचा असेल त्यांनीं मशीनजवळ येऊन घेऊन जावा.”

आणि मग तेंच कानडींत, आणि मोडक्या तेलुगूंत. भिंतीवरच्या तसबिरी थरथरल्या. स्वयंपाकघरांतून पत्नी धांवत आली. काकांना आपला आवाज स्वच्छ ऐकूं आला होता; तें त्यांच्या चेहऱ्यावर दिसलें. “मिळतं का रे पोर?” असें मीं न विचारतांच ते सांगूं लागले कीं, एका गड्ड्यांत एका दिवसांत अशीं नऊ पोरें मशिनीजवळ बसलीं होतीं, आणि त्यांतल्या शेवटच्याला न्यावयाला रात्रीं अकरापर्यंत कोणी आलें नाहीं, म्हणून काकूनें त्याला घरीं आणून जेवूं घातलें. ही हकीगत मीं ५० वर्षांत प्रथमच ऐकली.

नव्या व्हॉल्व्हांच्या बुडाशीं मीं मिस्त्रींच्या रीतीप्रमाणें पेन्सिलीनें तारीख घातली आहे, आणि एका वहींत तास लिहून ठेवतों. काका दर रविवारीं ती वही मागून पाहतात आणि तास कमी भरले तर रागावतात. मुंबईच्या गृहस्थांचा परवां पुन्हा फोन आला होता. चारांपैकीं दोनच राहिले असें ऐकून त्यांना मनस्वी वाईट वाटलें, ‘चालवलेत?’ असें त्यांनीं दोनदां विचारलें. उरलेल्या दोघांविषयीं काकांना विचारून कळवतों असें मीं सांगितलें आहे.